योसेमिटी सहल : चार तारे, एक कापला तो झाडांसाठी

नौपाड्यातल्या टूरवाल्यांबरोबर आम्ही दोघं मे अखेरीस अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. वेळ अचूक निवडली होती त्यांनी. तिथले धबधबे पावसावर नाही, वितळणाऱ्या बर्फावर चालतात. मे-जूनमध्ये भरात, ७३९ मीटरचा योसेमिटी धबधबा ऑगस्टपर्यंत बऱ्याचदा आटतो. जुलैत येऊरला धबधबे बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एल कॅपिटन म्हणजे दरीतून सुमारे ९०० मीटर सरळ उभा ग्रॅनाइट. सह्याद्रीच्या कड्यांसारखे थर नाहीत, अख्खा एकच राखाडी कातळ. दुर्बिणीतून त्यावर एक लाल ठिपका सरकताना दिसला, गिर्यारोहक! ह्यांनी मग दुर्बीण सोडलीच नाही.

जेवण घरच्यासारखं, गाइड हुशार. अस्वलांमुळे चिवड्याची पाकिटंसुद्धा त्याने आठवणीने लोखंडी पेटीत ठेवायला लावली.

पण मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये, म्हणजे तिथल्या सिकोया या महाकाय झाडांच्या राईत, जेमतेम तासभर? ग्रिझली जायंट नावाच्या झाडाची दालचिनी रंगाची साल, वणव्याचे काळे व्रण, आणि एवढ्या अजस्र सिकोयाचा शंकू कोंबडीच्या अंड्याएवढा! वणव्याच्या उष्णतेने तो उघडतो आणि बिया सांडतात. सॅन फ्रान्सिस्कोतली खरेदी गाळा, पण इथे अर्धा दिवस द्याच.