शहरातल्या विद्यापीठाच्या संशोधन निधीला देणगी : तीन वर्षांचा अनुभव

एका महानगरातील ज्या सार्वजनिक विद्यापीठात माझे एम.एस्सी. झाले, त्याच्या रसायनशास्त्र विभागाला गेली तीन वर्षे मी दरवर्षी 50,000 रुपये देत आहे. देणगी म्हणजे खरेदी नव्हे हे मान्य. तरीही त्या पैशांचे पुढे काय झाले आणि कार्यालयाने कशी वागणूक दिली, हे इतर माजी विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिल्या वर्षी मी "विभागाच्या विकासासाठी" असे मोघम लिहून दिले. रक्कम सर्वसाधारण खात्यात जमा झाली आणि मला शाल-श्रीफळ स्वीकारायला येण्यासाठी फोन आला. पैसे कशावर खर्च झाले, हे मात्र कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या वर्षी विभागप्रमुखांशी आधी बोललो आणि पत्रात हेतू स्पष्ट लिहिला : धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रासाठी आर्गॉन वायू आणि किरकोळ साहित्य.

येथेच खरी मेख आहे. सरकारी अनुदानातून यंत्र येते, त्याचे उद्घाटनही होते. पण ते चालू असताना मिनिटाला सुमारे 15 लिटर आर्गॉन लागतो आणि 7 घनमीटरचा सिलिंडर जेमतेम सात-आठ तास पुरतो. वॉरंटी संपल्यावर वार्षिक देखभालीचा करारही विभागालाच करावा लागतो. या रोजच्या खर्चाला तरतूद तुटपुंजी असल्यामुळे चांगले यंत्र आच्छादनाखाली पडून राहते आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे सहा महिने वाया जातात.

गेल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा एक संशोधक विद्यार्थिनी थर्माकोलच्या खोक्यातून खाडीच्या पाण्याच्या बाटल्या काढत होती. पहाटेच्या लोकलने ती ते खोके मांडीवर घेऊन आली होती. प्रत्येक बाटलीवर ठिकाण, वेळ आणि भरती की ओहोटी, हे मार्करने लिहिलेले होते. पूर्वी सिलिंडर येईपर्यंत नमुने आम्ल घालून साठवून ठेवावे लागत. आता आठवड्यातला एक दिवस मोजणीसाठी ठरलेला आहे. ज्या खाडीत नाले मिसळतात आणि जिथली मासळी याच शहरात विकली जाते, तिचा अभ्यास करणारी माणसे लोकलच्या अंतरावर असणे, हा शहरी विद्यापीठाला पैसे देण्यामागचा माझा मुख्य युक्तिवाद आहे.

आपल्याकडे विद्यापीठांना देण्याची परंपरा जुनी आहे, पण ओढा दगडी बांधकामाकडे. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव आहे. ग्रंथालयाचा उपयोग आजही होतो, त्यामुळे त्या देणगीला नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. पण सिलिंडरवर कोणाच्या आईचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही, ही अडचण खरी आहे.

कार्यालयाबद्दल मात्र तक्रार आहे. माझ्या देणग्यांना लागू असलेल्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात 80जी कलमाखालील निम्मी वजावट जुन्या करप्रणालीतच मिळे आणि त्यासाठी 10बीई हे देणगीचे प्रमाणपत्र लागे. ते 31 मेपर्यंत मिळायला हवे होते. मला जुलैमध्ये मिळाले आणि त्यात पॅनचा एक आकडा चुकलेला होता. दुरुस्तीसाठी दोन फेऱ्या झाल्या. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख रकमेवर वजावट मिळत नसल्याने पैसे बँकेतूनच पाठवावेत आणि पॅन स्वतः टंकलिखित करून द्यावा. खर्चाचा हिशेब मात्र विभागाने न मागता पाठवला. सिलिंडरच्या बिलांच्या प्रतीही सोबत होत्या.

पाचपैकी चार तारे देतो. एक कापला तो पॅनच्या त्या आकड्यासाठी. यंदाच्या पत्रात मी देखभाल करारातील वाट्याचाही उल्लेख केला आहे.