खोकं खरं, आतले ठोकळे खोटे

माझे ₹28,000 गेले. त्यातले 3,000 मी दसऱ्याच्या दिवशी मुहूर्त साधून पाठवले होते, हे वेगळं सांगायला नको.

मी भोसरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. प्लास्टिकचे मोल्ड. दिवसभर प्लास्टिकचा दाणा, फ्लॅश म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेली पातळ झालर, सिंक मार्क म्हणजे पृष्ठभागावरचे खळगे, यातच असतो आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा प्लास्टिकच घेऊन बसतो. लेगो, म्हणजे एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे. वय 44. घरात त्याला ‘ठोकळे’ म्हणतात. बंद केलेल्या बाल्कनीत स्क्रू-नट ठेवायचे खणवाले डबे भिंतीला लावलेत, त्यात सगळे तुकडे रंगाने नाही, आकाराने लावलेले आहेत. काळ्या ढिगात काळा बारीक तुकडा ज्याने रात्री अकरा वाजता शोधलाय त्याला याचं कारण कळेल. एका दिवाळीत सोसायटीतल्या पोरांच्या किल्ल्याशेजारी मी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उभा केला होता. त्याच्या खिळ्यांसाठी बारीक शंकू जमवायला तीन महिने लागले होते.

म्हणजे नवशिक्या नव्हतो. एक ठोकळा हातात दिला तर डोळे मिटून सांगेन असा माज होता, आणि खरं तर तोच महागात पडला.

मला हवा होता ताजमहाल. हा सेट पहिल्यांदा 2008 मध्ये आला, 5,922 तुकड्यांचा, तेव्हाचा सर्वांत मोठा. तेव्हा माझा पगार असा होता की चित्र बघून समाधान मानायचं. नंतर तो बंद झाला आणि जुन्या बाजारात त्याचे भाव भडकले. 2017 मध्ये कंपनीने तोच पुन्हा काढला, एक तुकडा जास्त, 5,923. तेव्हा डोक्यावर घराचं कर्ज. तोही बंद झाला. 2021 मध्ये 2,022 तुकड्यांचा एक छोटा ताज आला, पण मोठ्याची तहान त्याने भागत नाही.

आपल्याकडे या नादात एक अडचण आहे, ती माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. 2020च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 झालं. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून दुकानात विकायच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. धोरण बरं की वाईट, तो वाद वेगळा. पण यामुळे झालं असं की बंद झालेला मोठा सेट हवा असेल तर माणूस ‘दुबईहून कोणी आणलाय का’ इथेच येऊन पोचतो. आणि दुबईहून बॅगेत आलेल्या खोक्याला ना बिल, ना मार्क, ना हमी.

2023च्या नवरात्रात जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर जाहिरात दिसली. ताजमहाल, सीलबंद, भावाने दुबईहून आणलेला, घर बदलतोय म्हणून विकायचाय. ठाण्याचा पत्ता. सांगितले 35,000, ठरले 28,000. मुलगा पंचविशीतला असावा, बोलायला अगदी गोड. पहिल्याच मेसेजपासून ‘दादा’.

आता जे सांगतो ते सांगायची लाज वाटते, पण त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

मी त्याला म्हटलं, सीलचे फोटो पाठव. तो म्हणाला, “दादा, सील म्हणजे नेमकं कुठलं?” मला हसू आलं. बिचाऱ्याला यातलं काही कळत नाही, म्हणजे माणूस खरा, असा मी हिशेब केला. मग मी नेटवरून एका खोक्याचा फोटो घेऊन त्यावर लाल गोल काढून पाठवले: इथे, इथे, आणि इथे. कोपरे जवळून काढ. मागची बाजू काढ. वजनकाट्यावर ठेवून काढ. वजन किती भरायला हवं, तेही मीच सांगितलं! खोकं हलव आणि आवाजाचा व्हिडिओ पाठव, म्हणजे आत ठोकळेच आहेत की तांदूळ ते कळेल, असंही लिहिलं. तो प्रत्येक वेळी “हो दादा” म्हणायचा आणि एक दिवस घ्यायचा.

तीन दिवसांनी फोटो आले. सील जागच्या जागी. काट्यावर वजन मी सांगितलेल्या आकड्याच्या चाळीस-पन्नास ग्रॅम अलीकडे. आवाज ठोकळ्यांचाच.

दसऱ्याला 3,000 चं टोकन पाठवताना यूपीआयवर वेगळंच नाव दिसलं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. दुबईचा भाऊ, ठाण्याचं खातं. मी पिन दाबला.

दिवाळीच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी पहाटेच्या गाडीने ठाण्याला गेलो. स्टेशनबाहेर भेटला, सोबत एक मित्र. खोकं बघताच माझे पाय थोडे लटपटले, खोटं कशाला बोलू. छपाई खरी होती. ती मी ओळखतो, आणि त्यात मी चुकलोही नव्हतो. सील नखाने चाचपली. खोकं कानाशी धरून हलवलं. “एक बाजू उघडून बघू का?” असं म्हटलं, तर तो म्हणाला, “बघा ना दादा, पण मग सीलबंद राहणार नाही, तुमचंच नुकसान.” हे वाक्य मीच माझ्या मित्रांना कितीदा सांगितलंय. 25,000 रोख मोजून दिले. परतीच्या गाडीत खोकं दोन पायांच्या मध्ये उभं धरून आलो, खंडाळ्याच्या घाटात सगळे झोपले होते आणि मी जागा.

घरी आणलं आणि कपाटावर ठेवलं. पाडव्याला सुट्टी, तेव्हा पोराला घेऊन उघडू. बायको म्हणाली, “अरे, एकदा उघडून बघ तरी.” मी म्हटलं, मजा जाते.

पाडव्याला दुपारी उघडलं. पहिली पिशवी फोडून पोराने ताटात ओतली. त्याने दोन ठोकळे जोडले, काढले, पुन्हा जोडले आणि म्हणाला, “बाबा, हे सैल का बसतायत?”

मी एक पांढरा ठोकळा उचलून ट्यूबलाइटखाली तिरका धरला. खऱ्या लेगोच्या प्रत्येक उंचवट्यावर, म्हणजे ज्याला आम्ही स्टड म्हणतो त्यावर, कंपनीचं नाव उठवलेलं असतं. स्टड असतो 4.8 मिलिमीटरचा, त्यावर चार अक्षरं. इथे काही नव्हतं. गुळगुळीत. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग बॅगेतून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, काढला, जणू मापाने काही बदलणार होतं. चार बाय दोन स्टडचा खरा ठोकळा 31.8 बाय 15.8 मिलिमीटर भरतो, आजचा काढा नाहीतर वीस वर्षांपूर्वीचा. या पिशवीतल्या पाच ठोकळ्यांची पाच मापं आली. गेटच्या, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरतं त्या, जागी टोकदार कणी राहिलेली, एका काठाला फ्लॅश. आमच्याकडे असा माल क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणीच्या, टेबलापर्यंतसुद्धा जात नाही. पांढऱ्यातही तीन पांढरे: एक दुधी, एक निळसर, एक जुन्या स्विचबोर्डासारखा.

खोकं मात्र अस्सल. सूचनांचं पुस्तक अस्सल. हे कसं, ते मला नंतर या धंद्यातल्या एका जुन्या माणसाकडून कळलं, आणि सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं तेच आहे. या छंदात रिकाम्या खोक्यांनाही गिऱ्हाईक असतं. कोणी सेट बांधून काचेत ठेवतो, कोणी तुकडे सुटे करून विकतो, खोकं वेगळं विकतो. त्या खोक्यात नकली पिशव्या भरल्या की सीलबंद माल तयार. ठोकळ्याचं जुनं पेटंट, 1958 सालचं, कधीच संपलंय. त्यामुळे जोडता येणारा ठोकळा कोणीही बनवू शकतो आणि आपल्या नावाने विकला तर त्यात गैर काही नाही. पण चीनमध्ये अख्खे सेटच्या सेट चोरणारे कारखाने निघाले. त्यातल्या सर्वांत मोठ्या टोळीच्या म्होरक्याला शांघायच्या कोर्टाने 2020 मध्ये सहा वर्षांची कैद दिली. हे सगळं मी चहाच्या टेबलावर रंगवून सांगायचो. ताजचीही नक्कल निघाली होती, हेही माहीत होतं. तरी.

मग सील शाबूत कशी? खोकं उताणं केलं तेव्हा दिसलं. जिथे कारखान्यातच पुठ्ठा चिकटवलेला असतो त्या उभ्या जोडणीवर डिंकाची बारीक चमक होती. तिथून गरम हवेने उकलून, भरून, पुन्हा चिकटवलं होतं. सीलला कोणी हातच लावला नव्हता. मी लाल गोल फक्त सीलभोवती काढले होते.

फोन बंद. अ‍ॅपवरचं खातं गायब. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ऑनलाइन गेलेले पैसे रोखायचे तर लगेच, शक्यतो काही तासांत कळवावं लागतं. मला टोकन देऊन तीन आठवडे झाले होते आणि बाकीचे तर रोखीत गेले होते. खोकं सोळा दिवस कपाटावर सजवून ठेवलं त्याची ही किंमत. चौकीत गेलो तर हवालदारांनी अर्ज लिहून घेताना पेन थांबवून विचारलं, “माल मिळालाय ना? मग काय लिहू, माल कमी की माल खोटा?” मी एक ठोकळा काढून त्यांच्या टेबलावरच्या दिव्याखाली धरला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, “आमच्या पोराकडे असलेच आहेत, दीडशेला डबा.” हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं. अर्जाचा नंबर मिळाला. त्यापुढे अजून काही नाही.

आता मी जुना सेट घेतो तो उघडलेलाच घेतो. सीलबंदचा हट्ट सोडला. विकणाऱ्यासमोर कुठलीही एक पिशवी, मी निवडेन ती, फोडायची आणि स्टड उजेडात बघायचे. नाही म्हणाला तर परतीचं तिकीट. पैसे ज्याच्याशी बोलतोय त्याच्याच नावावर जातात, भावाच्या नाही. आणि घरी आल्या रात्री सगळं ओतून बघतो, मजा गेली तरी. पण सर्वांत मोठा बदल म्हणजे मी काय तपासणार ते आधी सांगत नाही. ‘चांगले फोटो पाठवा’ एवढंच म्हणतो आणि येतील ते बघतो. ज्याच्याकडे खरा माल असतो तो आपणहून एखादा वाकडातिकडा, अंगठा आलेला फोटो पाठवतो. मागितल्याबरहुकूम सगळं येतं तेव्हा आता पोटात गोळा येतो.

नकली ताज अर्धा बांधून सोडलाय. चौथ्या थरानंतर मिनार एका बाजूला कलतात. पोराला ते आवडलंय, तो त्याला भूकंपातला ताज म्हणतो.

मागच्या महिन्यात त्याच अ‍ॅपवर नवी जाहिरात आली. दुसरा सेट, दुसरं नाव, पत्ता कल्याणचा. फोटो सहा: वरचं सील, खालचं सील, बाजूचं सील, कोपरे जवळून, मागची बाजू, काट्यावर ठेवलेलं खोकं. माझाच क्रम, एकही पुढे-मागे नाही. खाली लिहिलंय, ‘आवाजाचा व्हिडिओ मागितल्यास पाठवू.’ मी रिपोर्ट केली, दोन दिवसांत ती गेली, तिसऱ्या दिवशी वेगळ्या नावाने परत आली. उभ्या जोडणीचा फोटो त्यात अजून नाही. हे वाचलं तर तोही येईल.