ब्यावोव्येझा की लुतोविस्का?

पोलंडमध्ये शिकणाऱ्या भाचीने विचारलं, "मावशी, चार दिवस सुट्टी आहे, कुठे जाऊ?" माझ्या मनात दोन नावं आली, ब्यावोव्येझा आणि लुतोविस्का. दोन्ही पोलंडमधले ग्रामीण तालुके, दोन्ही सीमेवर, पहिला बेलारूसच्या, दुसरा युक्रेनच्या.

चालण्याचं म्हणशील, तर ब्यावोव्येझा सपाट. लुतोविस्कात चढ आहे: १३४६ मीटरचं तार्नित्सा शिखर आणि झाडांच्या वरचे मोकळे गवताळ माथे.

जंगलात मात्र ब्यावोव्येझाला तोड नाही. पडलेला ओक तिथे कुणी उचलत नाही. त्यावर शेवाळ, बुरशी, किडे आणि नवी रोपं वाढतात. सर्वांत जुन्या राखीव भागात परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, तो खर्च धर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास संपलेले बायसन (गव्यासारखे रानटी प्राणी) इथेच १९५२ पासून पुन्हा मोकळे सोडले. बायसन लुतोविस्काकडेही आहेत, शिवाय अस्वलं.

वारसा? ब्यावोव्येझात १८९५ चं ऑर्थोडॉक्स चर्च. पण लुतोविस्कातल्या स्मोल्निक गावचं १७९१ चं लाकडी चर्च मला जास्त हलवतं. ते बांधणाऱ्या बोयको या डोंगरी समाजाचे लोक दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून हलवले गेले. गावं गेली, देऊळ उरलं.

वॉर्सातून जवळ ब्यावोव्येझाच. वेळ कमी, जंगल बघायचं, तर तिथे जा. पाय भक्कम असतील आणि उजाड गावांची गोष्ट ऐकायची असेल, तर लुतोविस्का.