बेळगावच्या पावसात दुचाकीसाठी रेनकोट : एका हंगामाचा अनुभव

वडगावातून अनगोळमार्गे तिसऱ्या रेल्वे गेटाचा उड्डाणपूल ओलांडून उद्यमबागेत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना पावसाळ्यात वारा समोरूनच झोडपतो, कारण मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि सकाळची वाटही साधारण त्याच दिशेची असते. त्यामुळे येथे रेनकोट घेताना कापडाच्या जाडीपेक्षा छातीवरची चेन आणि शिवण पाहावी, असे माझे ठाम मत आहे. गणपत गल्लीतून साडेबाराशे रुपयांना घेतलेला जॅकेट आणि पॅन्टचा जोड मी मिरगापासून श्रावण सरेपर्यंत वापरला.

कापड नायलॉनचे असून त्याला आतून पॉलियुरेथेनचा लेप आहे. कापड कितीही चांगले असले, तरी शिवताना सुईने पडलेल्या छिद्रांतून पाणी झिरपतेच, म्हणून आतल्या बाजूने शिवणीवर उष्णतेने चिकटवलेली पट्टी असावी लागते. दुकानात बाही उलटी करून ही पट्टी खांद्यापासून काखेपर्यंत सलग आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. या जॅकेटला ती सलग आहे, शिवाय चेनीवर वेल्क्रोने बंद होणारी दुहेरी झडप आहे. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राच्या दिवसांत, पुलावर सरींचा मारा थेट छातीवर होत असतानाही शर्टाचा खिसा आणि त्यातला मोबाइल कोरडा राहिला, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू.

पॅन्टने मात्र निराशा केली. सीटच्या खळग्यात साचलेले पाणी अंगाच्या भाराने दाबले जाऊन जांघेतल्या शिवणीतून आत येते, आणि चार शिवणी नेमक्या तेथेच एकत्र येत असल्याने पट्टी महिन्याभरात सुटू लागली. ओल्या कपड्यांत पूर्ण पाळी मशीनपुढे उभे राहणे किती त्रासाचे असते, हे कारखान्यात काम करणाऱ्यांना सांगायला नको. त्या जागी कापडाचा एकसंध तुकडा जोडला असता, तर हा दोष सहज टळला असता.

पीव्हीसीचे जाड रेनकोट स्वस्त मिळतात, पण त्यांत घाम कोंडतो आणि काही काळाने ते घडीवर चिरतात. हा जोड रात्री पडवीत उलटा टांगला की सकाळपर्यंत बहुतेक वाळतो. ओलाच घडी करून डिकीत ठेवल्यास कुबट वास येतो आणि लेपही सोलवटतो. पाठीवरची चमकती पट्टी संध्याकाळी खानापूर रस्त्यावर लॉऱ्यांच्या गर्दीत फार उपयोगी पडते. टोपी हेल्मेटखाली घातल्यास मागच्या वाहनाचा हॉर्न नीट ऐकू येत नाही. ती सुटी करता येते, हे बरे.

जॅकेटसाठी हाच जोड घ्यावा, मात्र नेहमीपेक्षा एक माप मोठा, म्हणजे हँडल धरल्यावर बाही मनगटावरून वर सरकत नाही. पॅन्ट सध्या तरी वेगळी पाहावी लागेल.