लिव्हर दाबून दाखवला की ग्राहक खूश: ट्रेलर ब्रेक कंट्रोलर बसवताना होणारी फसवणूक

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन फिरणाऱ्या मराठी मंडळींनी हे वाचून ठेवावं. ट्रेलर घासाघीस करून घेतला जातो, पण गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा डबा) बसवताना मात्र बिलाकडे कोणी बघत नाही.

तपासायला आलेल्या एका एसयूव्हीचं बिल असं होतं: प्रपोर्शनल कंट्रोलर, संपूर्ण नवीन वायरिंग, सर्किट ब्रेकर, मजुरी. डॅशबोर्डखाली डोकं घातल्यावर यातली एकटी मजुरीच खरी निघाली.

बसवलेला डबा टाइम-डिलेड होता. ट्रेलरच्या ड्रममध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट असतात आणि त्यांना किती करंट द्यायचा हे कंट्रोलर ठरवतो. टाइम-डिलेड डब्याला फक्त ब्रेक लाइट लागल्याचं कळतं. तुम्ही पेडलला नुसता पाय लावा नाहीतर जीव खाऊन दाबा, तो ठरलेल्या वेगानेच करंट चढवत नेतो. प्रपोर्शनलमध्ये गाडी किती जोरात मंदावतेय हे मोजणारा सेन्सर असतो आणि त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लागतात. किमतीत दुपटीचा फरक सहज पडतो. गाळा मारायला तेवढा पुरतो.

गाडी ताब्यात देताना दुकानदार हळू चालवत कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबतो, ट्रेलर गचकन थांबतो आणि ग्राहक खूश होतो. पण लिव्हर दोन्ही प्रकारांत असतो आणि दोन्हींत तसाच चालतो. गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकना जास्तीत जास्त किती जोर द्यायचा ती मर्यादा, लावायला ही चाचणी उपयोगी आहे (मोकळ्या जागेत २०-२५ मैल वेग, लिव्हर पूर्ण दाबायचा, चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे गेन ठेवायचा), पण डबा कोणता हे तिच्यातून कळत नाही.

ते कळायला मिनिटभर पुरतं. ट्रेलर जोडलेला, गाडी सपाट जागेवर उभी, बूस्ट (सुरुवातीपासूनच ब्रेक जास्त जोरात लावणारी सेटिंग) बंद. पेडल दाबून धरा आणि कंट्रोलरवरचा आकडा बघा. गाडी जागची हललेली नसताना आकडा चढत जाऊन गेनपर्यंत पोहोचला तर डबा टाइम-डिलेड. सेन्सरवाला किरकोळ आकड्यावर राहतो, कारण मंदावणं झालेलंच नाही. कंपनीतूनच बसून आलेल्या कंट्रोलरला मात्र ही चाचणी लावू नका. त्यांतले बरेच ब्रेक ऑइलचा दाब बघतात आणि उभ्या गाडीतही आकडा दाखवतात.

आता वायरिंग. कंट्रोलरला चारच वायर असतात. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये आपोआप परत जोडला जाणारा सर्किट ब्रेकर: चार ब्रेकपर्यंत २० अँपिअर, सहाला ३०. पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. लाल पेडलच्या स्विचच्या त्या बाजूला, जिथे पेडल दाबल्यावरच करंट येतो. निळी मागच्या सात पिनच्या सॉकेटला. चार ब्रेकना १२ गेज, सहाला १० गेज वायर (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक).

इथे काळी वायर होती १६ गेजची आणि चिमटा क्लिपने सिगारेट लायटरच्या १५ अँपिअरच्या फ्यूजवर टोचलेली. ब्रेकरचा पत्ता नाही. पांढरी रंग दिलेल्या ब्रॅकेटवर स्क्रूने आवळलेली, म्हणजे अर्थिंग नावापुरतं. दहा-बारा इंची ड्रमचा एक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, चारांचे १२ झाले. १६ गेजच्या २० फूट वायरमध्ये १२ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. त्यात त्याच सॉकेटला मुलांचा कूलर लावला की फ्यूज उडायला घाटाचा एक लांब उतार पुरे. फ्यूज आपोआप परत लागत नाही, आणि ट्रेलर ब्रेकशिवाय मागून ढकलायला लागतो.

सगळ्यात संतापजनक गोष्ट पुढेच आहे. या गाडीला कंपनीचं टो पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी कारखान्यातच केलेली तयारी, होतं. कंट्रोलरसाठीचा कनेक्टर पेडलच्या वर बंद टोपीत तसाच लटकत होता. त्या मॉडेलचा अडॅप्टर हार्नेस आणून दोन्ही टोकं जोडायची, एकही वायर कापायची गरज नाही. ‘संपूर्ण नवीन वायरिंग’चे पैसे यासाठी घेतले होते! गाडी देण्याआधी मॅन्युअलमध्ये टो पॅकेजचं पान बघा, आणि बिलावर कंट्रोलरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘ब्रेक कंट्रोलर’ चालणार नाही.

वर्षभराने याच दुकानात ‘ब्रेक नीट लागत नाहीत’ म्हणून गेलं की उत्तर तयार असतं: मॅग्नेट जळाले, चारही बदला. आधी निळ्या वायरमध्ये अ‍ॅमीटर सिरीजमध्ये लावून लिव्हर पूर्ण दाबा. १२ च्या आसपास आले तर चारही मॅग्नेटना करंट मिळतोय, मग ड्रम आणि शूजची अ‍ॅडजस्टमेंट बघा. ९ आले तर बहुधा एकच बंद आहे. सगळंच कमी आलं तर दोष वायर, जोड किंवा अर्थिंगचा. कॅलिफोर्नियात काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मिळण्याचा आणि काढलेले भाग परत मागण्याचा हक्क आहे, फक्त ती मागणी काम देतानाच नोंदवावी लागते. परत आलेल्या ‘जळालेल्या’ मॅग्नेटच्या दोन वायरना मल्टिमीटर लावा. ३.२ ओहमच्या आसपास आलं तर आतली कॉइल जळालेली नाही, आणि ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या तिथल्या दुरुस्ती दुकानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार करताना मीटरच्या आकड्याचा फोटो बिलासोबत जोडता येतो.