रहिवासी-सुरक्षा सेवा: वर्षभराच्या अनुभवानंतर

आमच्या वसाहतीने वर्षभरापूर्वी एका खासगी संस्थेची सुरक्षा सेवा घेतली. मोबाइलवर येणाऱ्या तातडीच्या सूचना, रहिवाशांनी आळीपाळीने घालायची रात्रीची पायी गस्त आणि दरमहा होणारी बैठक, असे तिचे तीन भाग आहेत.

यांपैकी सूचनांचा भाग मला सर्वांत सदोष वाटला. फाटकाशी थांबलेला अनोळखी माणूस किंवा दोनदा फिरून गेलेली गाडी यांची बातमी कोणतीही शहानिशा न होता घरोघरी पोहोचते. त्यातून पुढे काहीच निष्पन्न झाले नाही, हे मात्र कोणी कळवत नाही. परिणामी रात्री जेवणानंतर फेरफटका मारणारी ज्येष्ठ मंडळी घरात बसू लागली आणि घरकामाला येणाऱ्या एका बाईंना सलग तीन दिवस ओळखपत्र दाखवावे लागले. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते.

गस्तीचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. आमच्याकडे चोऱ्या कमी झाल्या असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण भीती नक्कीच ओसरली. अमेरिकेतील नेवार्क शहरात पोलिसांच्या पायी गस्तीचा जो अभ्यास झाला, त्याचा 1981 मधील अहवालही हेच सांगतो: गुन्ह्यांच्या प्रमाणात विशेष फरक पडला नाही, तरी रहिवाशांना अधिक सुरक्षित वाटू लागले. त्याआधी 1972-73 मध्ये कॅन्सस सिटीत पोलिसांच्या मोटारींची गस्त काही भागांत वाढवून आणि काही भागांत थांबवून पाहिली होती. तेव्हा गुन्हे आणि भीती या दोन्हींत लक्षणीय बदल आढळला नाही. पायी चालणारा माणूस थांबतो, विचारपूस करतो, आणि त्याचा चेहरा ओळखीचा होतो, हे कारण मला स्वतः गस्त घालताना पटले.

मासिक बैठकीला संस्था दुय्यम मानते, ही तिची मोठी चूक आहे. बंद पडलेले पथदिवे दुरुस्त झाले ते बैठकीतील पाठपुराव्यामुळेच, आणि एकट्या राहणाऱ्या दोन आजींच्या घरी रोज संध्याकाळी कोणी जायचे, हेही तिथेच ठरले.

प्रत्येक सूचना आधी एका जबाबदार व्यक्तीने पडताळावी आणि तिचा शेवट काय झाला हेही सर्वांना कळवावे, एवढा बदल संस्थेने मान्य केला, तरच मी नूतनीकरणाच्या बाजूने मत देईन.