पुण्यात भाड्याचं घर: एजंट, ऑनलाइन करार आणि ‘फॉरेनर नको’

विमाननगर, लोहगाव, कोंढवा, खराडी. कॉलेजच्या प्रवेशांच्या दिवसांत या भागांत फ्लॅटसाठी एजंटला फोन केला की भाड्याच्या आकड्याआधी दोन प्रश्न येतात. "फॅमिली की बॅचलर?" आणि लगेच, "कुठले?" उत्तर मणिपूर किंवा नागालँड आलं, नायजेरिया किंवा सुदान आलं, की तो फ्लॅट "कालच गेला" असतो. संध्याकाळी तोच फ्लॅट मराठी आडनावाच्या माणसाला दाखवला जातो. कारण विचारलं तर एजंट आणि घरमालक दोघांच्या तोंडी एकच शब्द असतो: कटकट. पोलिसांची, कागदांची, सोसायटीची. म्हणून हे परीक्षण या कटकटीचंच आहे. ती किती रुपयांची आणि किती तासांची, हे एकदा मोजून बघायला हवं.

आधी करार, कारण या सगळ्या साखळीत तीच सेवा सर्वांत नीट चालते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर भाडेकरूने सांगितलेल्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. महिना २०,००० भाडं, ६०,००० अनामत आणि ११ महिन्यांची मुदत धरली, तर भाड्याचे २,२०,००० आणि अनामतीवरचं १० टक्क्यांचं मानीव व्याज ५,५००, मिळून २,२५,५००. त्यावर शुल्क ५६४ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणीसाठी घरी येऊन अंगठे घेणारा माणूस आपली मजुरी वेगळी लावतो, ती आधी विचारून घ्यावी. मालक, भाडेकरू, साक्षीदार एका जागी असले तर काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. अडतं ते दोन ठिकाणी. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं, किंवा वयस्कर मालकाच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. लॉक आदल्या दिवशी उघडून ठेवावं.

ईशान्येकडच्या भाडेकरूसाठी यापलीकडे एकही जादा कागद लागत नाही. हे पुन्हा सांगावं लागतं, कारण पुण्यात इंफाळ-कोहिमाच्या मुलांकडे पासपोर्ट मागणारे एजंट आहेत. ती मुलं भारतीय आहेत. लातूरच्या मुलाचं आधार चालतं तसंच त्यांचं चालतं.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन पायऱ्या वाढतात. आधार नसेल तर घरबसल्या नोंदणी होत नाही. मूळ पासपोर्ट, व्हिसा आणि साक्षीदार घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं. त्यासाठी अर्धा दिवस धरावा. दुसरी पायरी म्हणजे ज्याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात ती नोंद. परदेशी माणूस घरात राहायला आल्यापासून २४ तासांत मालकाने ती केंद्राच्या पोर्टलवर करायची असते. तिला पैसे पडत नाहीत. पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा क्रमांक आणि मुदत, भारतात आल्याची तारीख, आधीचा पत्ता, फोटो एवढीच माहिती. कागद समोर असले तर पंधरा मिनिटांचं काम. पण मालकाला आधी स्वतःचं खातं काढावं लागतं, घराच्या मालकीचा पुरावा चढवावा लागतो आणि ते खातं मंजूर व्हावं लागतं. लोक भाडेकरू सामान घेऊन दारात आल्यावर खातं काढायला बसतात, २४ तास उलटतात आणि मग "बघा, म्हटलं होतं ना कटकट" असं होतं. ही चूक मालकाच्या वेळापत्रकाची आहे, भाडेकरूच्या देशाची नाही.

सी फॉर्म टाळणाऱ्या मालकामुळे काय होतं, हेही माहीत असावं. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने भारतात आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे स्वतःची नोंदणी करायची असते आणि तिथे राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. मालकाने फॉर्म भरला नाही, करार ‘नंतर करू’ म्हणत ठेवला, की मुलाची नोंदणी लटकते. मग हेच लोक म्हणतात, यांचे कागद कधी नीट नसतात.

सोसायटीची कटकट ही बहुतेक वेळा दमदाटी असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने द्यायला समितीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ‘आफ्रिकन असेल तर दुप्पट अनामत’, ‘पाहुणे आठनंतर नकोत’, ‘एकच लिफ्ट वापरा’ हे फलक कुठल्याही उपविधीत बसत नाहीत. वासाच्या तक्रारीचंही तसंच. नागालँडच्या घरात अखुनी (आंबवलेलं सोयाबीन) शिजली तर वास येतो, कोकणातल्या घरात सुकट भाजली तरी येतो. खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा दोघांनाही पुरतो.

तेव्हा गुण असे: करार नोंदणीला पाचपैकी चार, सी फॉर्मच्या पोर्टलला तीन (खातं मंजूर व्हायला लागणाऱ्या वेळामुळे), एजंटगिरीला शून्य. एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात माणसं चेहऱ्यावरून गाळायची, ही सेवा नव्हे.

कायद्याकडून किती आशा ठेवावी? संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत वंश, जात, धर्म, जन्मस्थान यांवरून अडवायला मनाई करतं. खासगी भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. दिल्लीत २०१४ मध्ये अरुणाचलच्या निदो तानियाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी स्वतंत्र कलमं सुचवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती आली नाहीत. पुण्यानेही ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या मुलांना घाबरून रेल्वे स्टेशन गाठताना पाहिलं आहे. मारहाण, धमकी झाली तर ११२ लावावा आणि फिर्यादीत उच्चारलेली शिवी जशीच्या तशी लिहून घ्यायला लावावी. ‘किरकोळ वाद’ एवढंच नोंदलं गेलं तर वंशाचा मुद्दा कागदावर उरतच नाही.

एजंटशी बोलताना नकाराचं कारण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागावं. घरमालक असाल तर पहिल्याच फोनवर सांगावं, "भाडेकरू कुठलाही चालेल, कागद मी करतो." एवढ्या वाक्याने एजंटची गाळणी काढून घेतली जाते. आणि सोसायटीत वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव आणावा:

"संस्थेतील कोणत्याही भाडेकरूस त्याचा वंश, रंग, जन्मस्थान, भाषा वा आहार यांवरून वेगळा नियम, वेगळे शुल्क वा वेगळी नोंदवही लागू होणार नाही. आवाज, पार्किंग व कचरा यांबाबतचे नियम सभासद व भाडेकरू यांना सारखेच असतील. तक्रार लेखी असेल व उत्तर देण्यास सात दिवस मिळतील."

मंजूर झाला की त्याची प्रत गेटवर सुरक्षारक्षकाच्या टेबलावर लावावी आणि त्याला नीट समजावून सांगावी, कारण रोजची अडवणूक तिथेच होते. सगळ्या पाहुण्यांची नोंद एकाच वहीत, एकाच रकान्यांत. ज्यांना यंदा परदेशी विद्यार्थ्याला घर द्यायचं आहे त्यांनी पोर्टलवरचं खातं मेमध्येच काढून ठेवावं.